नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर

भरतीओहोटी :

जपानवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक चार खुंट्यांना टांगलेलं असतं: सामुराई, साकुरा, बुलेट ट्रेन आणि "काय ती शिस्त!" मीही तेवढंच डोक्यात घेऊन गेलो होतो. कामासाठी तीन आठवडे फुकुओकाला होतो. एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून नागासाकी गाठलं. बघायचं होतं अणुबॉम्बचं स्मारक, पण स्टेशनबाहेर आल्यावर वाट चुकलो आणि एका चढाला लागलो. वर निशिझाका नावाची छोटीशी टेकडी. तिथे एक लांब भिंत आणि त्या भिंतीत ओळीने २६ ब्राँझचे पुतळे. सगळ्यांची पावलं खाली लोंबलेली, बोटं जमिनीकडे. कुणीतरी नुकतंच उचलून धरल्यासारखी.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच टेकडीवर २६ ख्रिश्चनांना क्रुसाला बांधून भाल्यांनी भोसकलं. मागच्या संग्रहालयात यादी वाचत होतो. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा. आणि एक गोन्सालो गार्सिया, राहणार बसाईन.

बसाईन म्हणजे आपली वसई! त्या नावाचं कॉलेज वसईत आहे, माझी मावसबहीण तिथूनच बी.कॉम. झाली. तिला विचारलं, "हा गोन्सालो गार्सिया कोण गं?" ती म्हणाली, "कुणीतरी संत." संपला विषय. परत आल्यापासून मी याच्यामागे लागलोय. जेवढं हाती लागलं ते इथे टाकतो.

जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयातच तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. तिथे भाषा अशी शिकला की धर्मोपदेशाच्या कामात त्याच्यावाचून पाद्र्यांचं पान हलेना. पण त्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं मात्र नाही. मिश्र रक्त हे कारण सांगतात. मग पठ्ठ्याने व्यापार केला, त्यात बरे पैसे कमावले, शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. तोही साधा 'ब्रदर' म्हणून, पाद्री नव्हे.

१५९३मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून हिदेयोशीकडे धाडलं. हिदेयोशी म्हणजे तेव्हा सगळ्या जपानचा धनी, एका साध्या शिपायाच्या घरातून वर आलेला. त्याच्यापुढे दुभाषा म्हणून उभा राहिला हा वसईकर. विचार करा, स्पेनच्या राजाच्या माणसाचं म्हणणं जपानच्या सर्वेसर्वाला जपानीत समजावून सांगणारा माणूस वसई बंदरातला!

मग घडलं ते असं. १५९६मध्ये 'सान फेलिपे' नावाचं मनिलाचं मालाने भरलेलं गलबत वादळात सापडून तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने म्हणे नकाशा दाखवून बढाई मारली की आमच्या राजाचे आधी पाद्री जातात, मागून देश जिंकायला शिपाई. हे जेझुइट सांगत, फ्रान्सिस्कन साफ नाकारत. दोघांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, त्यामुळे खरं काय ते तेच जाणोत. हिदेयोशीने फर्मान काढलं, धरा यांना. क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांवर बसवून धिंड काढली आणि मग भर थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला आणलं. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करायला आलेले दोघे त्यांच्यातच धरले गेले. सगळ्यांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता.

क्योतोतच मारता आलं असतं की! नागासाकीपर्यंत तंगडतोड कशाला? तर नागासाकी हे तेव्हा जवळजवळ ख्रिश्चनांचं गाव होतं. पोर्तुगीजांसाठी १५७१मध्ये उघडलेलं बंदर, आणि १५८०मध्ये तिथल्या सरदाराने ते चक्क जेझुइटांना देऊन टाकलेलं. १५८७मध्ये हिदेयोशी क्यूशू बेट जिंकायला उतरला तेव्हा त्याला हे दिसलं, आणि तिथल्या तिथे त्याने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम केला. हा हुकूम निघाला हाकाताहून, म्हणजे आजच्या फुकुओकातून, मी राहत होतो त्याच गावातून. दहा वर्षं त्याची कुणी फारशी बजावणी केली नव्हती.

गोन्सालो १८६२मध्ये संत जाहीर झाला. वसईवाल्यांनी, गोवेकरांनी, जपानात राहणाऱ्यांनी कृपया भर घालावी.

चहाबाज :

वाचतोय. चहा ठेवलाय.

सुकेळी :

मी वसईचीच. कॉलेजही तेच! तीन वर्षं त्या नावाच्या पाटीखालून गेले. फेब्रुवारीत सण होतो, मिस्सा होते, पण तो दुभाषा होता आणि व्यापारही करत होता हे कुणी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे तो डोळे वर केलेला, हात जोडलेला. तुम्ही सांगितलेला जास्त आवडला, खरं सांगायचं तर.

एक शंका. त्याची आई 'इथलीच' म्हणजे नक्की कोण? आमच्याकडे कुपारी म्हणतात आमची, ईस्ट इंडियन म्हणतात आमची, वाडवळ म्हणतात आमची.

भरतीओहोटी :

@सुकेळी, तो वाद वसईतच मिटवा. मी पाव खाऊन परत येतो.

मांडवीकाठ :

गोव्याची बाजू मी लावतो, कारण खरी सुरुवात आमच्याकडे झाली.

क्यूशूतल्या कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक माणूस. हातून खून झाला, म्हणून पोर्तुगीज जहाजावर चढून पळाला. डिसेंबर १५४७मध्ये मलाक्काला त्याची गाठ पडली सेंट झेवियरशी. झेवियरने त्याला गोव्यात आणलं, सेंट पॉल कॉलेजात ठेवलं आणि मे १५४८मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवलं पाउलो द सांता फे. जुन्या गोव्यात त्या कॉलेजची आज फक्त एक कमान उरलीय. पर्यटक तिच्यापुढून सरळ निघून जातात.

झेवियरने आंजिरोला विचारलं होतं, मी तुझ्या देशात आलो तर लोक ख्रिश्चन होतील का? त्याने सांगितलं, लगेच नाही. आधी खूप प्रश्न विचारतील, मग तुम्ही बोलता तसे वागता का ते बघतील, मग ठरवतील. (आमच्या गावातले म्हातारेही हेच म्हणाले असते.) दोघे गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ला कागोशिमाला उतरले. जपानातल्या ख्रिस्ती धर्माची तारीख तिथून मोजतात.

जुना_मास्तर :

यात एक भाषेची गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आंजिरो काही पंडित नव्हता. 'देव' या अर्थी जपानीत काय म्हणावं, असं झेवियरने विचारलं तेव्हा त्याने शब्द सुचवला 'दाइनिची'. हे शिंगोन पंथातल्या महावैरोचन बुद्धाचं नाव. झेवियर दोनेक वर्षं रस्त्यांवर उभा राहून सांगत होता, "दाइनिचीची भक्ती करा!" शिंगोन पंथाचे भिक्षू खूश. त्यांना वाटलं, हा आपलाच. शिवाय हे लोक आले कुठून, तर तेनजिकूहून. तेनजिकू म्हणजे भारत, बुद्धाचा देश. जुन्या जपानी कल्पनेत जग म्हणजे तीनच देश: जपान, चीन आणि तेनजिकू. 'तिन्ही देशांत एक नंबर नवरी' असा वाक्प्रचार त्यांच्यात आहे, आपल्या 'त्रिभुवनात शोधून सापडणार नाही'सारखा. तर गोव्याहून आलेला झेवियर हा त्यांच्या लेखी भारतातून आलेला नव्या पंथाचा बौद्ध भिक्षू! १५५२मध्ये यामागुचीच्या सरदाराने पाद्र्यांना जागा दिली, त्या सनदेत 'पश्चिमेकडून बुद्धधर्माच्या प्रसारासाठी आलेले भिक्षू' असंच लिहिलेलं आहे.

चूक उमगल्यावर झेवियर दचकला आणि लॅटिन शब्दच वापरायचं ठरवलं: देउस. जपानी उच्चारात 'दाइउसु'. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, कारण 'दाइ-उसो' म्हणजे 'महाथाप'.

पोळलेले जेझुइट पुढे जपानात धर्माचे शब्द भाषांतरित करायचं टाळू लागले. आत्मा म्हणजे 'आनिमा', स्वर्ग म्हणजे 'पाराइसो'. आपल्याकडे उलट झालं. फादर स्टीफन्सने १६१६मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला खुशाल 'वैकुंठ' म्हटलंय. एकच संघ, एकच गोवा, आणि दोन किनाऱ्यांवर दोन तऱ्हा. मला तरी स्टीफन्सची धिटाई जास्त भावते, पण मी मराठीचा मास्तर, माझं मत एकतर्फी धरा.

खारेदाणे :

मास्तर, भारी! शब्दांवरून आठवलं. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगीज 'पांव'ची लेकरं. आपला पाद्री तो त्यांचा 'बातेरेन'. आपला साबण, त्यांचा 'शाबोन'. आपली तंबाखू, त्यांचा 'ताबाको'. क्यूशूच्या बोलीत बसायच्या बाकाला 'बांको' म्हणतात आणि आपला 'बाक'ही त्याच 'बांको'चा. म्हणजे नागासाकीचा म्हातारा आणि रत्नागिरीचा म्हातारा बसतात एकाच शब्दावर.

त्यांना मात्र बटाटा, चावी, पगार, तुरुंग नाही मिळाले. पोर्तुगीजांचा पगार आणि तुरुंग आपल्याच वाट्याला.

तिरकस :

सगळं छान चाललंय, पण जरा मीठ टाकतो. हुतात्मे, संत, क्रूस वगैरे वाचून डोळे पाणावण्याआधी थोडं आठवा. हाच झेवियर १५४६मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागतो. १५६०मध्ये ते येतं. गोव्यातल्या साष्टीतली देवळं कुणी पाडली? जपानातही ओमुराच्या ख्रिश्चन सरदाराने बौद्ध देवळं जाळली. शिवाय पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसं गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होते. १५८७ला हिदेयोशीने पाद्र्यांना जे जाब विचारले त्यात हाही होता. तुम्ही आमची माणसं विकत घेऊन बाहेर का नेता? मला तर तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. हिदेयोशीला खलनायक करू नका.

मांडवीकाठ :

साष्टीचं मला सांगू नका, माझं कुलदैवत त्याच काळात नदीपलीकडे गेलं. तरीही बारा वर्षांच्या पोराला भाल्याने मारणं रास्त कसं होतं?

तिरकस :

तसं म्हणालो नाही. प्रश्न रास्त होता म्हणालो, उत्तर नव्हे.

भरतीओहोटी :

@तिरकस, मुद्दा मान्य, आणि धाग्यात यायलाच हवा होता. जपानी गुलाम गोव्यातही होते. पोर्तुगालच्या राजाने बंदी घातली ती कागदावर राहिली, जेझुइटांची तक्रार होती पण व्यापारी ऐकत नव्हते. हिदेयोशीही धुतल्या तांदळाचा नव्हता. त्याच सुमारास तो कोरियावर स्वारी करून तिथली हजारो माणसं धरून आणत होता. मला इथे कुणाची बाजू घ्यायची नाही. गोन्सालो मला आवडला तो या सगळ्यांच्या मधे सापडलेला माणूस म्हणून. जेझुइटांना तो पुरेसा गोरा नव्हता, जपान्यांना पुरेसा जपानी नव्हता. सगळ्यांना हवी होती ती त्याची जीभ.

मांडवीकाठ :

गुलाम गोव्यात आले तसे राजबिंडे पोरगेही आले, तेही ऐका. १५८२मध्ये नागासाकीहून तेरा-चौदा वर्षांची चार जपानी मुलं युरोपला निघाली: इतो मान्शिओ, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलिआओ, हारा मार्तिनो. पोपला भेटायला. वाटेत १५८३च्या नोव्हेंबरात गोव्यात. (मास्तरांचे फादर स्टीफन्स तेव्हा इथेच साष्टीत होते आणि कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाद्र्यांना मारल्याचं प्रकरण होऊन चारच महिने झाले होते.) रोमला पोहोचून पोपला भेटून १५८७मध्ये ती परत गोव्यात आली. इथे हारा मार्तिनोने लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि ते १५८८मध्ये गोव्यातच छापलं गेलं. छापणारा माणूसही जपानी!

परत जाताना त्यांच्याबरोबर युरोपातून आणलेलं छापखान्याचं यंत्र होतं आणि गोव्याच्या व्हाइसरॉयचं हिदेयोशीला लिहिलेलं पत्र. चर्मपत्रावर रंगीत नक्षी काढलेलं ते पत्र क्योतोतल्या म्योहो-इन देवळाने आजवर सांभाळलंय आणि जपान सरकारने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिलाय. आमच्या पणजीच्या दफ्तरखान्यात काय काय वाळवीने खाल्लं ते मी सांगत नाही.

चौघांचं पुढे काय झालं? एक आजारपणाने गेला, एकाने धर्म सोडला, एकाला मकावला हाकललं, तो तिथेच १६२९मध्ये वारला, आणि नाकाउराला १६३३मध्ये नागासाकीत खड्ड्यात उलटा टांगून मारला.

मुक्ता_क :

बाप रे. म्हणजे १५९७ नंतरही चालूच राहिलं?

ओसाकातून :

१५९७ ही तर चुणूक होती. मी इथे नऊ वर्षं आहे. इथल्या मित्रांबरोबर फिरताना जे कळलं ते सांगतो.

हिदेयोशी १५९८मध्ये गेला. त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या तोकुगावा इएयासूने आधी दुर्लक्ष केलं, व्यापार हवा होता ना. मग १६१४मध्ये देशभर बंदी, पाद्र्यांची हकालपट्टी. १६३७-३८मध्ये शिमाबाराचं बंड झालं. त्याला नुसतं धर्माचं बंड म्हणू नका. तिथल्या सरदाराने शेतसाऱ्यासाठी लोकांना इतकं पिळलं होतं की शेतकरी पेटले, आणि पुढारी म्हणून उभा राहिला सोळा-सतरा वर्षांचा आमाकुसा शिरो. हारा किल्ल्यात सदतीसेक हजार माणसं कोंडली होती, बहुतेक सगळी कापली गेली. बंडवाल्यांवर तोफा डागायला शोगुनला, म्हणजे राज्य चालवणाऱ्या सेनापतीला, मदत केली ती डच जहाजाने. ख्रिश्चनांवर ख्रिश्चनांनी! पण डच प्रॉटेस्टंट, आणि त्यांना धंद्याशी मतलब. बक्षीसही मिळालं. १६३९मध्ये पोर्तुगीजांना हाकललं. पुढच्या वर्षी मकावहून विनवणी करायला वकील आले, तर त्यांच्यातल्या ६१ जणांची डोकी उडवली. १६४१मध्ये डचांना नागासाकीच्या देजिमा बेटावर बसवलं.

देजिमा म्हणजे पंख्याच्या आकाराचा भराव घातलेला तुकडा, दीड हेक्टरचा, एका पुलाने गावाशी जोडलेला. दोनशेहून जास्त वर्षं युरोपशी व्यापार चालला तो याच फटीतून. आता चहूबाजूंनी भराव पडून ते शहराच्या पोटात गेलंय, ट्रामने जाता येतं. जुनी घरं पुन्हा बांधलीत, २०१७मध्ये पूलही.

बाहेरच्या लोकांचा एक गोड गैरसमज असतो की जपान 'कडीकुलूप लावून' बसला होता. मुळात 'साकोकू', म्हणजे बंद देश, हा शब्दच १८०१चा आहे. एका जर्मन प्रवाशाच्या लेखाचं भाषांतर करताना शिझुकी तादाओ या नागासाकीच्या दुभाषाने तो घडवला. ज्यांनी दार लावलं असं आपण म्हणतो त्यांना तो शब्द ठाऊकही नव्हता. नागासाकीत डच आणि चिनी, त्सुशिमामार्फत कोरिया, सात्सुमामार्फत र्‍यूक्यू बेटं, उत्तरेला मात्सुमाएमार्फत तिथले आयनू लोक. दारं चार होती, फक्त प्रत्येकावर रखवालदार. आणि त्या दारांतून आपलं कापड जायचं! छापील भारतीय कापडाला जपानीत 'सारासा' म्हणतात. रेघारेघांचं 'सान्तोमे', ते मद्रासजवळच्या सांतोमेवरून. घरांच्या लाकडाला लावायचा तांबडा रंग 'बेंगारा', तो बंगालवरून.

मुक्ता_क :

आणि जे ख्रिश्चन उरले त्यांचं काय झालं? कुणी उरलेच नाहीत?

ओसाकातून :

उरले! तोच या गोष्टीचा गाभा आहे.

प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या ना कुठल्या बौद्ध देवळात नोंदवलेलं असलं पाहिजे असा नियम झाला. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला गावकऱ्यांना येशू किंवा मारियाच्या चित्रावर पाय देऊन दाखवावा लागे, त्याला 'एफुमी' म्हणत. पाय द्यायचे, घरी यायचे आणि रात्री माफीची प्रार्थना करायची. कुणी मेलं की बौद्ध भिक्षू येऊन सूत्र म्हणणार, कारण कायदाच तसा. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत घरातले लोक हळू आवाजात ते सूत्र 'पुसून टाकण्याची' प्रार्थना म्हणत. पोर कडेवर घेतलेली कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, तिकडे स्त्रीरूपात, तीच त्यांची मारिया. पाद्री एकही नाही. बाप्तिस्मा देणारा गावातलाच एक, सणांच्या तारखा सांभाळणारा दुसरा. सात पिढ्या!

१८०५मध्ये आमाकुसात पाच हजारांवर माणसं सापडली. ती सगळी मारायची तर शेत कोण कसणार आणि सारा कोण भरणार? मग अधिकाऱ्यांनी शक्कल काढली. 'हे ख्रिश्चन नव्हेतच, भोळेपणाने भलत्याच रूढी पाळणारे लोक आहेत' असं लिहून त्यांना सोडून दिलं. सरकारी कागदावरचा असा शहाणपणा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

देश उघडल्यावर परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउराचं चर्च बांधलं, १८६४मध्ये. नाव दिलं त्या २६ जणांचं, म्हणजे तुमच्या वसईकराचंही. १७ मार्च १८६५ला उराकामी गावातले पंधराएक लोक तिथे आले. एका बाईने फ्रेंच पाद्री पेतिजाँच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

गंमत नाही पण. बंदी अजून उठली नव्हती. १८६७ पासून उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना धरून देशभर पांगवलं, पुष्कळ मेले. १८७३मध्ये बंदी उठली. परत आलेल्यांनी भलंमोठं चर्च बांधायला घेतलं. ९ ऑगस्ट १९४५ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो त्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले.

भरतीओहोटी :

मी बॉम्बचं स्मारक बघायला गेलो आणि वाट चुकून निशिझाकाला पोहोचलो, असं वर लिहिलंय. वाट चुकलो नव्हतो बहुधा.

जुना_मास्तर :

ओसाकातून, इकित्सुकी बेटावरच्या प्रार्थनांबद्दल लिहा ना. 'ओराशो' म्हणतात ना त्यांना?

ओसाकातून :

हो, लॅटिन 'ओरात्सिओ'चा ओराशो. लिहून ठेवणं धोक्याचं, म्हणून तोंडपाठ, बापाकडून मुलाकडे. त्यातले तीन गाऊन म्हणतात: राओदाते, नाजो आणि गुरुयोझा. म्हणणाऱ्यांना शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. संशोधकांनी माग काढला तेव्हा कळलं, गुरुयोझा म्हणजे 'ओ ग्लोरिओसा', राओदाते म्हणजे 'लाउदाते दॉमिनुम'. कागद नसताना दोनअडीचशे वर्षं!

भरतीओहोटी :

थांबा! निशिझाकाच्या त्या पुतळ्यांखाली 'लाउदाते दॉमिनुम' हेच शब्द कोरलेत. मी फोटोत आत्ता बघितलं.

सुकेळी :

आमच्या आजीला लॅटिन लितानी अख्खी पाठ होती. 'ओरा प्रो नोबिस'चं तिने 'ओराप नोबी' केलं होतं. आम्ही हसायचो. अर्थ विचारला तर म्हणायची, अर्थ देवाला कळतो, तू म्हण. नंतर मिस्सा मराठीत आली, आम्हाला लॅटिन कुणी शिकवलं नाही. तिचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. हे वाचून आज वाईट वाटतंय.

खारेदाणे :

सुकेळीताई, गावात अजून कुणी म्हातारी असेल तर मोबाइल घेऊन जा.

सुकेळी :

आहे एक. नव्वदीची. रविवारी जाते.

तिरकस :

मीही येतो, चालत असेल तर. वाद घालणार नाही.

मुक्ता_क :

जायचं कसं ते कुणी सांगेल का? मार्चमध्ये जपानला जातेय, आतापर्यंत यादीत तोक्यो-क्योतोच होतं.

ओसाकातून :

हाकाताहून 'रिले' एक्सप्रेसने ताकेओ-ओन्सेन, तिथे त्याच फलाटावर समोर उभ्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं की नागासाकी. ही लाइन २०२२ची, पण मधला तुकडा अजून झालेला नाही, म्हणून बदली. निशिझाका स्टेशनपासून पायी पाचेक मिनिटं. ओउरा, देजिमा, उराकामी सगळं ट्रामवर. खरी मजा हवी तर एक दिवस आमाकुसाच्या साकित्सुला द्या. कोळ्यांचं गाव. चर्चमध्ये बाकांऐवजी तातामी चटया, आणि चर्च उभं आहे ते गावच्या पाटलाच्या घराच्या जागी, जिथे लोकांना चित्रावर पाय द्यायला लावत तिथेच. ही गावं २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, तरी गर्दी नसते. मार्चात वारा बोचतो, जाकीट घ्या.

मुक्ता_क :

धन्यवाद! आणि शाकाहारी लोकांचं काय?

ओसाकातून :

अवघड. माशाचं पाणी सगळ्यात असतं, सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतसुद्धा. देवळाजवळचं शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण शोधा. नाहीतर खारेदाणेंचा 'पान' आहेच.

चहाबाज :

चहा संपला, धागा संपेना. तो नागासाकीचा केक आणतात ना लोक, कासुतेरा, तोही पोर्तुगीजांचाच ना? त्यात अंडं असतं का?

भरतीओहोटी :

असतं. अंडंच असतं. बाकी मैदा आणि साखर. तुमच्यासाठी आणला होता, पण आता मावसबहिणीकडे गेला.